अकरा झाडं, एका सुतात

"एकशे चौसष्ट रोपांपैकी एकही नाही," ताई म्हणाली आणि तिने अहवालाचा कागद कुंड्यांच्या फळीवर ठेवला.

खतकाकांनी हाताची माती झटकली, पण कागद उचलला नाही. उद्यानाची रोपवाटिका सांभाळणाऱ्या या माणसाला सगळे खतकाका म्हणायचे. हिरवळीवरच्या जुन्या ओकला, म्हणजे सगळ्यांच्या म्हातारीला, सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा फळं धरली, तेव्हा सगळं श्रेय त्यांनी आपल्या खताला देऊन टाकलं होतं. त्या जातीचं आसपास दुसरं झाड उरलेलं नव्हतं. म्हातारपणी पाळणा हलला म्हणून सगळं उद्यान हसलं होतं आणि काका आजोबा झाल्यासारखे मिरवले होते. तेव्हापासून दर वर्षी फळं वेचून त्यांनी ही रोपं वाढवली होती.

"एकही नाही म्हणजे?"

"म्हणजे शुद्ध नाही. आई आपली म्हातारी, बाप कुंपणाकडची ती झाडांची रांग. तेही ओकच, पण जात वेगळी. नात्यातली म्हणा. वाऱ्याने पराग आला. एकट्या झाडाला स्वतःच्या परागावर सहसा फळ धरत नाही, काका. त्या रांगेला तुरे यायला लागले, तेव्हाच हिला फळं आली."

"आणि माझं खत?"

"खत चांगलंच होतं," ताई म्हणाली. प्रयोगशाळेतली ही मुलगी काकांच्या निम्म्या वयाची होती आणि एरवी इतकं मऊ बोलत नसे.

काकांनी जवळची कुंडी फिरवली. त्यांना हे अगदीच नवीन नव्हतं. म्हातारीचं पान साध्या कडेचं, रांगेतल्या झाडांचं खोल कातरलेलं, आणि ही पोरं काही आईवर गेलेली, काही बापावर, काही धड कुणावरच नाहीत. तिसऱ्याच वर्षी त्यांनी ते पाहिलं होतं, पण तोंडातून ब्र काढला नव्हता.

ताईने पिशवीतून दुसरा कागद काढला. "हा आजच भरून द्यायचाय. एकच प्रश्न आहे. रांग आपोआप उगवली, की माणसाने लावली?"

"त्याने काय फरक पडतो?"

"आपोआप उगवली असेल, तर ते निसर्गाचं काम. रांगही राहते, रोपंही राहतात, पुढे टेकडीवर लावता येतात. माणसाने लावली असेल, तर भेसळ. रांग तोडायची, रोपं उपटायची."

"आणि म्हातारी?"

"ती राहील. शुद्ध."

"पोराबाळांशिवाय."

ताईने कागद फळीवर सरळ केला. "जुन्या नोंदवहीत रांगेचा उल्लेखच नाही," ती म्हणाली. "तुम्ही इथे सगळ्यांत जुने. तुम्ही सांगाल ते लिहायचं."

नोंद असणार कुठून? एकतीस वर्षांपूर्वी, बायको गेली त्या वर्षी, काकांना घर खायला उठायचं. ते सुट्टीच्या दिवशीही इथे येऊन म्हातारीखाली डबा उघडायचे. एवढ्या हिरवळीवर तिचं म्हणावं असं कुणी नाही, हे त्यांना बघवत नव्हतं. तिच्या जातीचं रोप काही मिळेना. मग नात्यातलं जे मिळालं ते त्यांनी एका रविवारी, कुणालाही न विचारता, दोरी ताणून लावलं. अकरा रोपं, चार-चार पावलांवर. तिला शेजार व्हावा एवढंच मनात होतं. स्वतःसाठी मात्र त्यांनी तेवढी खटपट कधी केली नाही.

काकांनी घसा खाकरला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक ओळ खोटी लिहिली नव्हती.

"पक्ष्यांनी लावली," ते म्हणाले. "ओकची फळं ते जमिनीत पुरून ठेवतात आणि विसरतात. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही शिकलेल्या."

ताईने रोपवाटिकेच्या काचेतून बाहेर पाहिलं. रांग कुंपणाच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

"अकरा झाडं, एका सुतात?"

"शिस्तीचा पक्षी असेल."

"आणि प्रत्येक झाडात सारखं अंतर. चार पावलांचं."

"मोठी असतील त्याची पावलं." काका हसायला गेले, पण ते जमलं नाही. त्यांचा मातीने भरलेला हात कुंडीवरच राहिला होता.

ताई बराच वेळ त्या हाताकडे पाहत होती. मग तिने पेनाचं टोपण काढलं, 'नैसर्गिक' या शब्दापुढे खूण केली, सही केली, तारीख घातली आणि कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवलं.

दारापाशी जाऊन ती थांबली.

"काका, तो पक्षी... एकटाच होता का?"

"हो," काका म्हणाले आणि खाली वाकून कुंडीतली माती सारखी करू लागले. "अजून आहे."