कपाटामागचा प्रिंटर

बिबवेवाडीच्या शाळेतला सर्व्हर महिनाभर नेटवर्कवर सारखी कुणाला तरी हाक मारत होता. व्हायरस समजून मुख्याध्यापक तो बंदच करायला निघाले होते. शाळेत संगणक शिकवणाऱ्या रझियाने दोन दिवस खपून छडा लावला. सर्व्हर ऑफिसातल्या प्रिंटरला शोधत होता आणि रंगकामात निघालेली प्रिंटरची वायर कुणी पुन्हा जोडलीच नव्हती.

हंगामी लेखनिक कुसुमताईंना हाताशी घेऊन तिने प्रिंटरसमोर आलेलं कपाट सरकवलं आणि वायर जोडली. महिनाभर सर्व्हरमध्ये छपाईसाठी अडकून पडलेला मजकूर खडखड करत कागदावर उतरून बाहेर आला. संस्थेने ऑनलाइन पाठवलेलं पत्र होतं.

"अहो कुसुमताई, तुम्हाला कायम केलंय!"

"अगं, पत्र आलं नाही, तेव्हा मला वाटलं, नाही म्हणाले. म्हणून मी विचारलंच नाही कुणाला!"

कुसुमताई रडता रडता हसल्या, आणि कागदाची ऊब जायच्या आत त्यांनी तो चारदा वाचून काढला.