उजळणी

उत्तनच्या दवाखान्यात हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांना मी पुन्हा चालतं करायचे. खाटेला होडीची दोरी बांधायचे, ती धरून म्हातारा उठायचा. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या नर्सांच्या उजळणी वर्गात मी ही दोरी सांगितली, तर मुंबईचे डॉक्टर सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडले, "अडाणी कुठली! म्हाताऱ्यांना तीन महिने हलवायचं नसतं." खुबा मोडलेला माझा बाप नुकता उठून बसायला लागला होता. त्याच्या खाटेची दोरी मी त्याच संध्याकाळी सोडली.

सत्तेचाळीसच्या वर्गात त्याच डॉक्टरांनी विलायतेचं चित्र दाखवलं. खाटेला बांधलेली दोरी आणि ती धरून उठणारा म्हातारा. "नवा शोध! पडून राहिला की म्हातारा संपलाच. गर्ट्रूड, तुझी ती दोरी कुठाय गं?"


"त्याच दोरीनं बापाची पेटी खड्ड्यात सोडली, डॉक्टर. जावा, सांगा त्याला आता उठायला!"