जुना पिकअप

दादाची गिटार टेबलावर ठेवून बहीण म्हणाली, "काका, दादा गेल्यापासून ही मुकी आहे. आज वाजली नाही तर घरचे भंगारात घालणार."

"वाजेल. पण मी वायरी जोडतो पोरी, माणसं नाही," दुरुस्तीवाले काका फटकन म्हणाले. गोड बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

गिटारच्या मानेजवळचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून स्पीकरला पाठवणारा तुकडा, जळाला होता. काकांनी त्याच्या दोन्ही वायरी कापल्या आणि तो टेबलाच्या कडेला टाकला. मानेजवळ तारा जास्त थरथरतात, तिथे जोरकस पिकअप घातला तर सगळा आवाज गढूळ होतो. म्हणून त्यांनी मवाळ निवडला, सोल्डर केला, गिटार स्पीकरला जोडली आणि नेहमीसारखी त्यावर स्क्रूड्रायव्हरने टिचकी मारली. जोडणी बरोबर असेल तर स्पीकर टक करतो.

स्पीकर गप्प.

"म्हातारपणी वायरीही दिसेनात," काका स्वतःवरच खेकसत वाकले.

तेवढ्यात बहिणीने चाळा म्हणून कडेच्या जुन्या पिकअपवर नखाने टिचकी मारली.

टक, स्पीकर म्हणाला.

काकांनी मान वळवली. जुन्या पिकअपच्या कापलेल्या वायरी झुरळाच्या मिशांसारख्या हवेत उभ्या होत्या.

बहिणीच्या छातीवरचा वर्षभराचा दगड मात्र उतरला. हात मांडीवर ठेवून ती खुर्चीत सैलावली आणि हसली.

"दादाच, काका. वाजवण्याआधी तो अशीच टिचकी मारायचा. नेहमी दोनदा."

टक, स्पीकर म्हणाला.