उलट्या बाजूचं रीडिंग

मायक्रोअमीटरचा काटा पुन्हा टोकाला जाऊन आदळला. शिल्पानं बटण मागं फिरवलं, तारा काढल्या, नीट बघून परत लावल्या. काटा तिथंच गेला.

उमरीच्या एका ज्युनियर कॉलेजात बारावीच्या फिजिक्सची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. शिल्पाच्या वाट्याला डायोडचा प्रयोग आला होता. वेळ संपायला दहा मिनिटं राहिली होती. फिजिक्स शिकवणाऱ्या लता मॅडम जवळून जाताना थांबल्या.

"बसलीस काय अशी? लिही लवकर."

काट्यानं दाखवलं ते शिल्पानं लिहिलं आणि त्यावरून आलेख काढला.

नांदेडहून आलेले परीक्षक कहाळेकर सर आलेख बघून थबकले. "डायोड कशाचा असतो?"

"सिलिकॉनचा, सर. एका भागात थोडा फॉस्फरस मिसळतात, तिथं इलेक्ट्रॉन जास्तीचे होतात. दुसऱ्यात बोरॉन मिसळतात, तिथं कमी पडतात. दोन्ही जुळतात तिथं अडसर तयार होतो. सुलट जोडला की अडसर कमी होतो, करंट जातो. उलट जोडला की वाढतो. मग करंट जवळजवळ जातच न्हाई."

"मग तुझ्या आलेखात कसा जाऊन राहिला?"

"पुस्तकातल्या डायोडमधून न्हाई जात, सर. ह्याच्यातून जायलाय."

सरांनी स्वतः तारा जोडल्या. काटा टोकाला. डायोड जळून गेला होता. साध्या तारेसारखा तो दोन्हीकडून वीज सोडत होता.

मग सरांनी आधीचे पेपर काढले. सकाळपासून त्याच टेबलावर चौघं जण प्रयोग करून गेले होते. चौघांचेही आलेख अगदी बरोबर होते.

"म्हणजे सकाळी हा चांगला होता. तू करंट जास्त सोडून जाळलास." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "प्रयोगाचे गुण मिळणार नाहीत."

शिल्पाचे डोळे भरून आले. "न्हाई सर. मी बसले तवाच तो असा होता."

सर लिहायला वाकले.

"थांबा, सर." लता मॅडम पुढं आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "तिनं नाही जाळला. तो दिवाळीपासूनच गेलेला आहे. किट बदलून मागितलं, आलं नाही. पोरांचं नुकसान नको म्हणून काल मीच सगळी रीडिंग फळ्यावर लिहून दिली. सगळ्यांकडून पाठ करून घेतली."

सरांनी पेन खाली ठेवलं.

"सगळ्यांना दिली आणि हिलाच नाही?"

"हिलाही दिली होती, सर."