आधी तुम्ही

आनंदाचा नंबर पहिला होता. दुपारचा एक वाजत आला तरी तो आत गेला नव्हता.

"आनंदा धुडकू पाटील!" पेन्शन कचेरीच्या शिपायाने, बन्सीलालने, पुन्हा पुकारा केला. आनंदा उठला, दारापर्यंत गेला आणि वळून मागच्या माणसाला म्हणाला, "आधी तुम्ही." मागचा माजी सैनिक एका पायाचा होता. त्याचं दुखणं दिसत होतं, म्हणून त्याला पाचच मिनिटं लागली. मग पुढचा, मग त्याच्या मागचा. असे सव्वीस जण आनंदाने आत सोडले. पेन्शनच्या रांगेत इतकी सभ्यता बन्सीलालने उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. त्याला वाटलं, हा माणूस खरंच वेडा असणार.

बाकावर आनंदाची बायको उषाबाई फाईल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सात वर्षांची फाईल. दावा दोनदा फेटाळला गेला होता, हे शेवटचं अपील. पुण्याहून डॉक्टरांचं बोर्ड सुरतला आलं होतं. त्याने आज नाही म्हटलं की विषय संपला. फाईलमध्ये सगळं होतं. दाखले, शिक्के, औषधांच्या चिठ्ठ्या. एक रकाना तेवढा कोरा होता: आजारास कारणीभूत ठरलेली सेवेतील घटना. लंकेतल्या शांतिसेनेतून परत आल्यापासून आनंदा त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. फौजेने डोक्याचा आजार म्हणून त्याला घरी पाठवलं, आणि तो कशाने झाला हे सांगायचं काम मोठ्या विश्वासाने त्याच्याच डोक्यावर सोपवलं.

आजार म्हणाल तर एवढाच, की माणूस सगळ्यांच्या मागे राहायचा. रॉकेलच्या रांगेत सगळ्यांना पुढे सोडून रिकामा डबा घेऊन घरी यायचा. गेल्या साली प्लेगच्या भीतीने अर्धं सुरत पळालं, तेव्हा हा स्टेशनवर "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत राहिला आणि डोळ्यांदेखत तीन गाड्या सुटल्या. बाप धुडकू गेला तेव्हा तर कहर झाला. मडकं धरून तिरडीच्या पुढे चालायचं ते मुलाने. याने मडकं चुलतभावाच्या हातात दिलं आणि सगळ्या गावाच्या मागे जाऊन उभा राहिला. कोसाडच्या वसाहतीत रोज सकाळी उषाबाई त्याला लूमच्या कारखान्यापर्यंत सोडायच्या. त्या पुढे, तो मागे. फौजी बायकोच्या पदराआड लपतो, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. उषाबाईंना लोकांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर कधीकधी नवऱ्याची लाजही वाटायची.

रांगेत कुणी उरलंच नाही, तेव्हा आनंदा बायकोच्या मागून आत गेला.

बोर्डाचे कर्नलसाहेब मराठी निघाले. त्यामुळे जो काही अपमान व्हायचा तो निदान समजेल अशा भाषेत झाला.

"काय त्रास होतो?"

"काही नाही, साहेब."

उषाबाईंनी कपाळावर हात मारला आणि रॉकेलपासून तिरडीपर्यंत सगळं सांगितलं. साहेबांना हसू आवरेना.

"बाई, या देशात जो तो पुढे घुसतो. एक माणूस शहाण्यासारखा मागे थांबतो, त्याला तुम्ही वेडा ठरवताय? अहो, याचा सत्कार करा!" त्यांनी फाईल चाळली. "सुरुंगाच्या स्फोटात शिपाई शालिग्राम ठार. आणि तुला साधं खरचटलंही नाही. घटनेच्या रकान्यात काय लिहू? भीती वाटली? भित्रेपणाला पेन्शन नसते, बाबा."

त्यांनी 'सेवेशी संबंध आढळत नाही' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. खाली सही तेवढी राहिली होती. जेवणाची वेळ झाली होती.

उषाबाईंनी फाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. सात वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. त्या ताडकन उठल्या, आनंदाला दंडाला धरून दाराशी नेलं आणि स्वतः त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"चाला. आज तुम्ही पुढे चाला, मी मांगे येस. दुनियाले दिसू द्या एकदा."

समोर रिकामा व्हरांडा होता. आनंदाचा पाय उचलेना. उषाबाईंनी त्याला पाठीत ढकललं. तसा तो गर्रकन वळला, त्यांचे दोन्ही खांदे धरून त्याने त्यांना खेचून आपल्या पुढ्यात आणलं.

"मांगे नको, उषा! मांगे कोणीच नको!"

सात वर्षांत त्याचा आवाज इतका मोठा झाला नव्हता. बन्सीलाल धावत आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"का रे?" कर्नलसाहेब खुर्चीतूनच म्हणाले. "आमच्या व्हरांड्यात सुरुंग आहे की काय? पुढे जायला इतका घाबरतोस?"

आनंदाने टाचा जुळवल्या. छाती पुढे काढली. वरिष्ठाने विचारलं की उत्तर द्यायचं, एवढी शिस्त अजून शिल्लक होती.

"नाही, साहेब. त्या दिवशी पुढे मीच होतो."

कर्नलसाहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"बोल."

"वाट मी चालून दाखवली, साहेब. माझ्या पायाखाली काही फुटलं नाही. मागे शालिग्राम होता. नवा होता, भ्यायला होता, पाय उचलत नव्हता. मी म्हणालो, काही होत नाही रे, नुसतं माझ्या पावलावर पाऊल ठेव." आनंदाने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "त्याने ठेवलं."