बारावी भागीदार संस्था

धोरण संशोधन संस्थेची शलाका केवळाबाईंच्या प्रतिरूपाच्या कराराची मुदत वाढवून घ्यायला गावात आली होती. केवळाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण सर्वेक्षणासाठी संगणकावर घडवलेलं त्यांचं प्रतिरूप अजून कामावर होतं. पाणी, रेशन, दवाखाना, काहीही विचारलं की ते त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच स्वभावाला धरून उत्तर देई. करारानुसार अकरा भागीदार संस्था त्याला प्रश्न विचारत.

टॅबवर अंगठा टेकवण्याआधी केवळाबाईंचा मुलगा निवृत्ती म्हणाला, "परवा काय म्हणाली आई?"

"गुडघ्यांमुळे दवाखान्यापर्यंत चालवत नाही म्हणाल्या."

"आम्हाला कधी बोलली नाही." त्यानं अंगठा मागे घेतला. "मला बोलता येईल का तिच्याशी?"

"नाही हो. फक्त भागीदार संस्थांना."

"मग आमचं घर करून घ्या भागीदार."

याला मनाई करणारा नियम शलाकाला काही आठवेना. तिनं कोरा अर्ज उघडला, संस्थेच्या नावापुढे घराचं आडनाव टाकलं आणि विचारलं, "संशोधनाचा प्रश्न काय लिहू?"

"लिहा," निवृत्ती म्हणाला, "गुडघ्यांचं घरात का नाही सांगितलंस."