खांद्यातला इंच

वडिलांचा ट्वीडचा कोट थोरल्याला मिळाला, तेव्हापासून धाकट्या शिंप्याच्या पोटात दुखत होतं. थंडी सरली की थोरला तो कोट त्याच्याच दुकानात ठेवायला द्यायचा. यंदा शिंप्याने जळफळत कोट खांद्यात इंचभर आत घेतला. दादाला झाला नाही, की आपलाच.

थंडी पडताच दादा आला. कोट त्याच्या अंगावर बेतल्यासारखा बसला.

शिंप्याने टेप लावला. वहीतल्या मापापेक्षा दादाचेच खांदे इंचभर कमी भरले.

"उन्हाळाभर आवळल्यासारखे दुखत होते रे," दादा म्हणाला. मग त्याने छातीवर डावीकडे हात ठेवला. "आणि कालपासून इथे काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतंय."

वडिलांचं घड्याळ राहायचं तो डावीकडचा आतला खिसा शिंप्याने कालच टाके घालून बंद केला होता.